वरचा विस्तव

आमच्या घरात ओव्हन आला तो मी पास झाले म्हणून. मस्कतला असणाऱ्या मामाने शब्द दिला होता, "बी.एस्सी. झालंस काय मागशीत ता देतंय." मी मनगटी घड्याळ मागितलं. मामा सुट्टीवर आला तो टॅक्सीच्या टपावर हे भलंमोठं खोकं बांधून. खोकं उघडल्यावर माझं तोंड पडलेलं त्याने पाहिलं असणार, कारण कुणी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "घड्याळात काय आसा गो? वेळ काय, सगळ्यांकच दिसता. ह्या बघ. थंय घराघरात आसा." काळा पत्र्याचा पेटारा, पुढे काचेचं दार, आत वर एक सळी, खाली एक सळी, आणि बाजूला फिरवायची बटणं. एका बटणावर तीन चित्रं होती: खालची सळी पेटलेली, वरची सळी पेटलेली, दोन्ही पेटलेल्या. सोबतचं पुस्तक होतं, पण इंग्रजी पानं मामाने कुठेतरी घालवली होती आणि उरलेलं सगळं अरबीत. आईने पेटाऱ्याभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "ह्येच्यात लाकूड घालूचा खंयसून?"

ओव्हन ओटीवर गेला. त्यावर क्रोशाचा रुमाल पडला, रुमालावर माझा पदवीदानाच्या वेळचा फोटो. आमच्या मिठबाव गावात तेव्हा असा पेटारा दुसऱ्या कुणाकडे नव्हता, त्यामुळे आलागेला विचारायचा, "नवीन टीव्ही काय?" आणि आई सांगायची, "नाय, मस्कतची भट्टी." भट्टी कधी पेटली मात्र नाही. जत्रेतून आणलेलं खाजं त्यात ठेवलं तर मुंग्या लागत नाहीत, एवढा शोध आईने लावला होता. पाहुणे आले की ती काचेचं दार उघडून आतून खाजं काढून द्यायची, आणि पाहुण्यांना वाटायचं ते तिथेच तयार झालं.

आमच्या वाडीत माझ्याआधी पदवी कुणी घेतली नव्हती. मुलींनी तर नाहीच, मुलग्यांनीही नाही. बाबा चौथीपर्यंत गेले, आईला सही येत होती. मी कणकवलीला राहून, दुसऱ्यांच्या घरी पडेल ते काम करून, भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले, हे मी आजही मिरवते. ज्यांना त्यात गर्व दिसतो त्यांनी तो खुशाल बघावा. पण त्या वर्षी घरी परत आलेल्या मला नोकरी नव्हती, आणि नोकरी नसलेल्या पदवीचं घरात काय करायचं हे ओव्हनइतकंच कुणाला कळत नव्हतं. बाबा या विषयावर काही बोलत नसत. शिकवलं त्यांनीच, पण शिकून आलेल्या मुलीशी काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नसावं. समुद्रावर जायच्या आधी आणि आल्यावर ते माझ्याकडे एकदा बघायचे, तेवढंच.

बाबा तांडेल. होडी त्यांची आणि बाळूकाकांची भागीत होती, पण सुकाणू बाबांच्या हातात. सकाळी होडी लागली की बाबा घरासाठीचे मासे पिशवीत टाकून येत, आणि दुपारी आई तवा ठेवी. तिरफळं घातलेली बांगड्याची कढी रोज असेच, पण बाबांचं जेवण खरं सुरू व्हायचं ते तळलेल्या तुकड्याने. मीठ, मिरपूड, कोकमाचं आगळ, वर जाड रवा आणि तव्यात बुडेल एवढं तेल. ते तेल बघायला बाबा कधीकधी मुद्दाम चुलीजवळ येऊन उभे राहत. त्यांच्या लहानपणी घरात तेल देवाच्या दिव्यापुरतंच असायचं, हे मला पुढे कळलं.

होडी वर ओढताना एका सकाळी बाबा वाळूत बसले ते उठलेच नाहीत. छाती धरून बसले होते. जीपमध्ये घालून कणकवलीला नेलं, वाचले. घरी आले ते दोन हुकूम घेऊन: समुद्र बंद, तळलेलं बंद. समुद्राचं त्यांनी ऐकलं, कारण हातात जोरच उरला नव्हता. होडी बाळूकाका दुसऱ्या माणसाला घेऊन नेऊ लागले. बाबा लोट्यावर बसून राहायचे. आमच्याकडे पुढच्या पडवीतल्या बसायच्या उंचवट्याला लोटा म्हणतात. तिथून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. दिवसभर बसलेला तांडेल कसा दिसतो ते मी इथे लिहीत नाही.

आईने हळद-मीठ घालून मासे उकडायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी बाबांनी ताट बाजूला सारलं. "ह्या माका कित्या? मी बाळंतीण झालंय काय?" मग आईने विचार केला की मागच्या अंगणात पाण्याची चूल पेटलेली असतेच, इंगळांवर बांगडा भाजून द्यावा. त्यात तेलाचा थेंब लागत नाही. तिने तो भाजला, वास सगळ्या घरात सुटला, मला तर तोंडाला पाणी आलं. बाबांनी त्याला हातही लावला नाही. मी बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा इतकं सलग बोलताना ऐकलं. "भाजलेलो बांगडो आणि पेज खातच मोठो झालंय मी. आमच्या आवशीकडे तेल नाय होता, म्हणान ती भाजून घाली. आता माझ्या घरात तेलाचो डबो आसा, आणि मी परत भाजलेलो खाव?" बाबांच्या लेखी तळलेला मासा म्हणजे आपण वर आलो त्याचा पुरावा होता, आणि डॉक्टरांनी तो पुरावाच काढून घेतला होता.

दोन-चार दिवसांनी बाबा दुपारी बाळूकाकांकडे होडीचा हिशोब विचारायला जाऊ लागले. परत आले की म्हणायचे भूक नाही. एकदा ते उंबऱ्यातून आत आले आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघून शांतपणे म्हणाली, "मिशी धुवा. बाळग्याच्या बायलेन रवो बरोच घातल्यान. मिशेत अडाकलो हा." बाबा मुकाट मोरीवर गेले. आई भांडली नाही. पण संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू इतक्या शिकलंस. तुज्या त्या भट्टीत काय जमता काय बघ. इंगळार भाजलेलो खायत नाय, पण मस्कतचो खातीत."

ओव्हन ओटीवरून निघाला. स्वयंपाकघरातला प्लग त्याचा भार सोसेना, फ्यूज गेला. त्याजोगा प्लग घरात एकच, मागच्या पडवीत विहिरीच्या पंपाचा. म्हणून ओव्हन तिथे एका जुन्या बाकड्यावर बसला. दिवसभर माडांना आणि कलमांना पाणी चालू असायचं, त्यामुळे आमची पाळी संध्याकाळी. मी बांगड्यांना मीठ-मसाला लावला, बटण वरच्या सळीच्या चित्रावर फिरवलं आणि थाळा आत सरकवणार तोच आईने बांगड्यांवर दुसरा थाळा उपडा घातला.

तिचं म्हणणं मला समजत होतं. आमच्याकडे वरून आच द्यायची रीत जुनी आहे. काकडीचं धोंडस, म्हणजे रव्याचा गोड केकच, करतात तेव्हा टोप चुलीवर ठेवतात आणि झाकणावर इंगळ पसरतात. तसं केल्याशिवाय धोंडसाला वरून लाली येत नाही. पण इंगळ झाकणावर, पदार्थ झाकणाखाली. आई म्हणाली, "वरचो इस्तव झाकणार आसता. उघड्यार कोण घालता? राख पडात."

"विजेक राख खंयची, आई?"

"राख नाय तर काजळ पडात. तुका काय म्हायती?"

झाकण राहिलं. संध्याकाळी सगळ्या वाडीतले दिवे लागतात आणि आमची वीज मंदावते, त्यामुळे सळीही धड लाल झाली नाही, केशरी झाली तेवढीच. बऱ्याच वेळाने झाकण काढलं तर बांगडे पांढुरके, सुरकुतलेले, स्वतःच्या पाण्यात पडलेले. बाबांनी ताटाकडे बघितलं. "ह्येंका काय झाला? ताप इलो?" मला हसू आलं, आईला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाकण घालू दिलं नाही. पाठ्यपुस्तकातलं प्रारण मला तोंडपाठ होतं. तव्याची आच भांड्याला चिकटून येते, पण तापलेल्या लाल सळीची आच उजेडासारखी सरळ खाली पडते आणि मध्ये काही आलं की त्याची सावली पडते. आम्ही बांगडे सावलीत ठेवले होते. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कर तुका व्हया तसा. बी.एस्सी. तू झालंस, मी नाय." मी दार घट्ट लावलं, कारण दार उघडं ठेवून कुणी भट्टी चालवतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. बांगडे कालच्यापेक्षा बरे निघाले, पण वरची साल ओलीच, मसाला चिखलासारखा. बाबांनी एक तुकडा मोडला, वास घेतला आणि ताटावरून उठून चपला घातल्या. "तुमचा शिजला काय सांगा. मी बाळग्याकडे जावन येतंय."

ते परत आले बाळूकाकांच्या खांद्यावर हात टाकून. कपाळावर घाम, ओठ राखेसारखे. पुन्हा जीप, पुन्हा कणकवली. डॉक्टर आईशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले, कारण त्यांच्यासारखं बोलता येणारी तिथे मीच होते. ते म्हणाले, "त्या दिवशीच्या माशामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी हे इथपर्यंत पोचायचे नाहीत." हे मी नंतर आईला सांगितलं. बाबांना सांगायची गरज नव्हती, ते शेजारच्या खाटेवर डोळे मिटून सगळं ऐकत होते.

घरी आल्यावर बाबा बाळूकाकांकडे जाईनात. बाळूकाका तर भीतीने आमच्याकडे फिरकेनात. पण बाबा घरीही जेवेनात. पेजेचं वरचं पाणी आणि आंब्याची फोड, एवढ्यावर माणूस गोळ्या घेत होता. गालफडं बसली. आई त्यांच्यासमोर ताट ठेवायची, थोड्या वेळाने उचलायची. ती ताटं उचलायची तेव्हा तिच्या हातातल्या काकणांचा जो बारीक आवाज व्हायचा तो अजून माझ्या कानात आहे. आज माझ्या स्वतःच्या डॉक्टरने मला तीच वर्ज्य पदार्थांची यादी वाचून दाखवली आहे, आणि मी ती निमूट पाळते. पण मला रोजचं तळलेलं कधी कष्टाने मिळवावं लागलं नव्हतं. बाबांना ते सोडताना काय सुटत होतं, ते कुठल्या यादीत नसतं.

मी दुपारी पंप बंद केला. माड एक दिवस तहानले तर मरत नाहीत, असं आईला सांगितलं आणि रिकाम्या ओव्हनसमोर बसले. भर दुपारी विजेला जोर होता. सळी बघता बघता लालबुंद झाली. मग 'टक्' असा आवाज आला आणि ती हळूहळू काळी पडली. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा लाल. मी नीट बघायला दार उघडलं तर सळी विझली नाही, लालच राहिली. दार लावलं, टक्, विझली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पेटारा आतून तापला की आतली कळ सळी बंद करते. सळी बंद म्हणजे उजेड गेला, आणि उरली ती नुसती कोंडलेली वाफ. म्हणजे मी दार लावून बांगडे उकडत होते. मी आईचे पोह्याचे पापड मागून घेतले. एक सळीच्या अगदी जवळ ठेवला, तो कोळसा झाला. एक तळाशी ठेवला, तो नुसता कडक झाला. एक मधल्यापेक्षा थोडा वर, दार बोटभर उघडं, तो सगळीकडून फुगला आणि त्यावर बारीक तांबूस फोड आले. आई बाजूला बसून जळके, कच्चे, सगळे पापड खात होती. "ह्या कॉलेजात शिकयतत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ह्याच शिकयतत, पण पापड देनत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः किनाऱ्यावर गेले आणि बाळूकाकांना गाठलं. ते म्हणाले, "गो बाय, माज्याकडे बघू नको. तेच्यापुढे मी काय बोलाचा?" मी म्हटलं, "बोलू नका. बांगडे घेवन या आणि दुपारी बसा." ते आले. ताजे, टणक बांगडे, पाठीवरचे पट्टे अजून चकाकत होते. बाबा मागच्या पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. कदाचित आमच्याकडे बघायचं नव्हतं, पण बसायला त्यांनी जागा मात्र तीच निवडली होती.

मी बांगड्यांना आडवे छेद दिले, मीठ आणि आगळ चोळलं, थोड्या वेळाने ते फडक्याने पुसून अगदी कोरडे केले. रवा नाही. मिरपूड आणि जरासा सुका मसाला छेदांत दाबला, नारळाच्या सोडणाच्या तुकड्याने नावाला तेल फिरवलं. सळी आधी लाल करून घेतली. थाळा सरकवला. दाराला करवंटीच्या डवलीचा, म्हणजे पळीचा, दांडा अडकवला, म्हणजे ते बोटभर उघडं राहील. आई पाठीमागून म्हणाली, "दार उघडाच ऱ्हवला." मी म्हटलं, "ऱ्हवांदे."

बाळूकाका वाकून फटीतून बघत होते. "चेडवा, ह्या सूर्यान बांगडो भाजूचो असो दिसता." मग बांगड्याची साल हलायला लागली. ताज्या बांगड्यात स्वतःचं तेल पुष्कळ असतं. ते छेदांतून वर आलं, फुटू लागलं आणि तडतडलं. साल ताणली, काळे-तांबूस फोड आले, शेपटीची टोकं जळली. मी चिमट्याने उलटवले, दुसरी बाजू वर घेतली. धूर दारातून बाहेर येत होता, आई डोळे पुसत होती आणि ते धुरानेच होतं, कारण माझेही पाणावले होते.

मी थाळा बाकड्यावर ठेवला. बाबांना हाक मारली नाही. बाळूकाकांनी विचारलं, "बघू काय?" आणि उत्तराची वाट न बघता पोटाकडचा तुकडा मोडून तोंडात टाकला. नुसतं चावलं, काटा काढला आणि दुसऱ्या बांगड्याकडे हात नेला.

"बाळग्या," बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "हात काड. तो माझो."

"तुका नको होतो मां?"

"माका काय नको ता मी सांगतलंय." बाबा उठले, बाकड्याजवळ आले, उभ्यानेच बांगडा हातात घेतला. वरची करकरीत साल त्यांनी बोटाने उचलून आधी ती खाल्ली. मग आतलं मांस. मग डोकं चोखलं. आईने भात वाढून आणेपर्यंत नुसता कणा उरला होता. "मीठ कमी," ते म्हणाले.

"डॉक्टरान सांगल्यान कमी घालूक," मी म्हटलं.

"डॉक्टराक सांग, दुसरो बांगडो तरी जास्त घालू दे," बाळूकाका म्हणाले, पण थाळ्यातला तिसरा बांगडा बाबांनी त्यांना काही दिला नाही.

इंगळांवरच्या बांगड्यात आणि याच्यात काय फरक, असं आईने एकदा विचारलंच. विस्तव तो विस्तव. बाबांनी थोडा विचार केला. "तो खालसून धुमसता. ह्यो वरसून येता," ते म्हणाले. मला त्यात भौतिकशास्त्र दिसत नाही, पण ज्याला खायचं होतं त्याला ते पटलं होतं.

त्यानंतर ओव्हन बाबांचा झाला. त्यांनी लोट्यावरची बैठक हलवून मागच्या पडवीत आणली. डवलीचा दांडा किती आत घालायचा हे त्यांनी ठरवलं, माझ्या बोटभर फटीवर नाक मुरडून दीड बोटाची केली. बारीक पेडवे सळीच्या जवळ, मोरी माशाचे तुकडे थोडे लांब, सरंग्याला छेद खोल, असं एकेक ते शोधत गेले. आईच्या लेखी ओव्हन आता बाटला होता. खाजं फळीवर गेलं, देवाचं धोंडस तिच्या टोपात आणि झाकणावरच्या इंगळांखालीच होत राहिलं. सोमवारी ओव्हन पुसून थंड. इतर दिवशी दुपारी कुणी हाक मारली की बाबा सांगायचे, "आता नाय. सळी तापता हा." इतक्या दिवसांनी त्यांना पुन्हा काहीतरी सोडून येता येत नव्हतं. सुनेच्या घरी आज भिंतीत बसवलेला ओव्हन आहे, त्याच्या वरच्या सळीला ती ग्रिल म्हणते. दार बंद ठेवूनच चालतो, आतलं यंत्र हुशार आहे. मी तिच्याकडे गेले की माझा हात आपोआप दाराकडे जातो.

पुढच्या तपासणीला मी बाबांबरोबर गेले. मासा अंगी लागला होता, चेहरा भरला होता. डॉक्टरांनी छाती ऐकली, दाब बघितला, कागदावर लिहीत विचारलं, "तळलेलं बंद केलंत ना, खरंच?"

दवाखान्यात बाबा शाळेतलं मराठी बोलायचे, शब्द मोजून. "बंद केलं साहेब. आमच्याकडे आता वरून भाजतात."

"वरून? म्हणजे कसं?"

"ते माझी मुलगी सांगेल. ती बी.एस्सी. आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी सांगायला लागले. सळी, तिचा उजेड, झाकणाची सावली, दार का उघडं ठेवायचं, बांगड्याचं स्वतःचं तेल कसं पुरतं. डॉक्टर मान हलवत होते, पण हात घंटीकडे गेला होता, आणि बाहेर बाकड्यावर बरीच माणसं होती. घंटी वाजली. दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला. मी थांबले आणि पिशवी उचलली. बाबा खुर्चीवरून हलले नाहीत.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "तिचं अजून सांगून झालेलं नाही."